एका नंबरावर तीन मुली

मोबाईल माझ्या नावावर आहे. पुढचं सगळं त्यावरूनच घडलं, म्हणून ते आधी सांगते.

मालक गेल्यावर माझ्या प्रत्येक कागदाला नंबर लागायला लागला. रेशनला नंबर, बँकेला नंबर, आधारला नंबर. शेवटी मुलाने एक मोबाईल आणून दिला. मी चौथीपर्यंत शिकले आहे. चष्मा लावला की मोबाईलवरची अक्षरं मला लागतात, पण वाचावं असं त्यात फार काही येत नाही. लोक सकाळी फुलांची चित्रं पाठवतात. मी कुणाला उलट काही पाठवत नाही.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून थोडं आत आहे. मुलाचं फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे. तो सकाळी जातो आणि दिवेलागणीला येतो. त्याचा मोबाईल त्याच्या खिशात असतो. त्यामुळे दिवसा घरात मोबाईल एकच, तो माझा, आणि तो माझ्या कमरेच्या पिशवीत. कुणाला लागला तर माझ्याकडे मागायचा, माझ्यासमोर बोलायचं, परत द्यायचा. हा नियम मी घातला. नातीच्या कुठल्याही अर्जावर नंबर माझाच लिहायचा, हाही नियम माझाच. शाळेचा दाखला असो की बारावीची परीक्षा, खाली नंबर आजीचा. आमच्या गावात बहुतेक घरांत असंच चालतं. पोरीचा नंबर बाहेर देत नाहीत.

याला कारण आहे. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा नंबर कुणीतरी कुणाला दिला. तिला अनोळखी फोन यायला लागले. तिने एकदाही उलट फोन केला नव्हता, तरी दोष तिचाच ठरला आणि तिची शाळा बंद झाली. दोष देणाऱ्या बायांमध्ये मी होते. त्यानंतर मी मोबाईल पिशवीत ठेवायला लागले.

नात बारावी पास होऊन घरात बसली तेव्हाची गोष्ट. नागपंचमी होऊन गेली होती. तालुक्याच्या कॉलेजातल्या एक मॅडम गावात आल्या. तरुण बाई, चपला बाहेर काढून शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर आमच्यातच बसल्या. म्हणाल्या, कॉम्प्युटर शिकणारी पोरं सगळी एकाच तऱ्हेची असतात. शहरातली, इंग्रजी शाळेतली, घरात कॉम्प्युटर असलेली. तांड्यावरची मुलगी त्यात नसते, उर्दू शाळेतली नसते, कापूस वेचणारी नसते. मग ती पोरं जे काही बनवतात त्यात आपल्याला काय लागतं याचा कुणी विचारच करत नाही. जगातली बरीच माणसं कॉम्प्युटरचे धडे इंटरनेटवर फुकट ठेवतात. मॅडम ते गोळा करत, मराठीत करत आणि गावोगावच्या मुलींना मोबाईलवर पाठवत. एकच अट. आपल्याला मिळालं की पुढच्या मुलीला द्यायचं, दाबून ठेवायचं नाही.

मला त्यांचं म्हणणं पटलं असं नाही. पण बाई खोटं बोलत नव्हती एवढं कळलं.

मग त्यांनी वही काढली आणि मुलींना नंबर विचारले. पंधरा-वीस मुली होत्या. सगळ्या खाली बघायला लागल्या. मॅडमनी दोनदा विचारलं. मीच म्हणाले, "पोरींचे नंबर मिळायचे न्हाईत बाई. माझा लिहा."

"प्रत्येकीचा वेगळा असला तर बरं आजी."

"मिळत न्हाई म्हणलं ना. माझा लिहायचा तर लिहा."

त्यांनी लिहिला. नाव विचारलं, मी माझं सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं. माझा नंबर आहे म्हटल्यावर आणखी दोन घरांनी हरकत घेतली नाही. म्हातारीच्या समोर बसून शिकतील, बिघडलं काय, असं ते म्हणाले. मशिदीमागच्या टेलरची मुलगी यायला लागली आणि तांड्यावरची एक. माझी नात धरून तिघी झाल्या. बाकीच्या मुली घरी गेल्या.

दुपारी जेवणं झाली की तिघी आमच्या ओसरीवर यायच्या. मोबाईल मी पाटावर उभा करून द्यायची आणि शेजारी वाती वळत बसायची. कानात घालायच्या वायरी मी चालू देत नव्हते. जे ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकायचं. कॉम्प्युटर गावात ग्रामपंचायतीत एक, तोही कपाटात. म्हणून पोरींनी ओसरीच्या शहाबादी फरशीवर खडूने त्याची बटणं काढली, सगळी अक्षरं ओळीने, आणि त्यावर बोटं चालवायच्या. सून रोज सकाळी सडा टाकून ती पुसायची आणि दुपारी त्या परत काढायच्या.

नातीचं अक्षर चांगलं. ती धडा मोठ्याने वाचायची आणि वहीत उतरवायची. टेलरची पोरगी सातवीपर्यंत उर्दूत शिकलेली, मराठी वाचायला अडखळायची, पण प्रश्न ऐकला की उत्तराचं बटण तिनेच दाबलेलं असायचं. तांड्यावरची हळू होती, पण तिला नाही कळलं तर ती पुढे जाऊ द्यायची नाही.

एका धड्यात असंच झालं. अमुक असेल तर हे कर, नाहीतर ते कर, असं कॉम्प्युटरला कसं सांगायचं याचा तो धडा होता. त्यात लिफ्टचं उदाहरण होतं.

"आज्जी, लिफ्ट म्हंजी काय?" तांड्यावरचीने मला विचारलं.

"मला काय विचारतीस? मी दवाखान्यात बी जिन्यानंच चढले."

"मग हे आपल्याला कामून सांगायलेत?" ती म्हणाली. "मोटरीच्या ऑटोचं सांगा म्हणावं. लाईट आली तर मोटर चालू, हिरीत पाणी न्हाई तर बंद. ते तर माझ्या बारक्या भावाला बी कळतंय."

टेलरची पोरगी हसली. "हौ दादी, खरंच की. मॅडमला बोलूया ना."

त्यांनी माझ्या मोबाईलवरून आवाज पाठवला. आठवडाभरात धडा बदलून आला. लिफ्ट गेली होती, विहिरीवरची मोटर आली होती. मॅडमनी कळवलं की हा धडा येलदरीकडच्या आणि पोखर्णीच्या मुलींनाही पाठवला आणि त्यांना तो पटकन कळला. पोरी दोन दिवस त्याच आनंदात होत्या. मला विशेष काही वाटलं नाही. मोटर कुणाला माहीत नाही?

धडा संपला की वर नाव यायचं आणि शाब्बास लिहून यायचं. नाव अर्थातच माझं. पोरी त्यावरून माझी थट्टा करायच्या.

"दादी, तुम्ही लय हुशार निघाल्या की."

"आता आज्जीला पुण्याला नोकरी लागती बघ," नात म्हणायची. "आज्जी चालली कंपनीत, डब्यात भाकरी घेऊन."

"आणि वाती कोण वळंल गं?" मी म्हणायची.

अशी थट्टा दोन महिने चालली. वरच्या नावाकडे आम्ही चौघी रोज बघत होतो आणि त्याचा अर्थ एकीलाही कळला नाही.

आता यात काय अडकलं होतं ते सांगते. मॅडमनी सांगितलं होतं की सगळे धडे पूर्ण करणाऱ्या मुलींची यादी होईल आणि त्यांना परभणीत दोन महिने राहून खऱ्या कॉम्प्युटरवर शिकायला मिळेल. मुलाला नातीचं लग्न उरकायचं होतं. मानवतकडचं एक स्थळ त्याने बघून ठेवलं होतं. मी म्हणाले, पोरीला शिकायचंय, थांब. तो म्हणाला, "यादीत नाव आलं तर वर्षभर थांबतो माय. न्हाई आलं तर दिवाळी झाली की पाहुणे बोलावतो. मग मधी बोलायचं न्हाई." मी कबूल झाले. नातीलाही ते माहीत होतं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मॅडमचा फोन आला. पोरी अजून आल्या नव्हत्या.

"आजी, तुमच्या गावातून सगळे धडे पूर्ण झालेलं एकच नाव दिसतंय."

"कुणाचं?"

"तुमचं. वय एकाहत्तर."

"बरोबर हाय."

"आजी, क्लास मुलींसाठी आहे."

मॅडम चिडल्या नव्हत्या, थकल्यासारख्या बोलत होत्या. म्हणाल्या, धडे ठेवणारी माणसं विचारतात की कुठल्या कुठल्या मुली शिकल्या, तेव्हा मी तुमच्या गावचं काय दाखवू? तिथे तांडा दिसत नाही, उर्दू शाळा दिसत नाही, एक म्हातारी बाई दिसते.

"हे तुमी आधी सांगायचं होतं," मी म्हणाले.

"सांगितलं होतं आजी. तुम्हीच म्हणालात, मिळायचे नाहीत."

ते खरं होतं. मी काय करता येईल ते विचारलं. त्या म्हणाल्या, एका नंबरावर एकच नाव चालतं, पण ते एकदा दुरुस्त करता येतं. माझं नाव काढून एका मुलीचं टाकता येईल. बाकीच्या दोघींना आपापल्या नंबरावरून पहिल्यापासून धडे करावे लागतील, आणि यादी आठ दिवसांनी बंद होणार.

"माझ्या नातीचं टाका," मी म्हणाले. एक क्षणही विचार केला नाही.

"आणि त्या दोघी?"

"त्यांचं मागून बघू."

नात ज्वारी निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. सूप खाली ठेवून तिने विचारलं, "आज्जी, माझं नाव कामून सांगितलं?"

"मग शेजाऱ्याच्या म्हशीचं सांगू?"

"बटणं कोण दाबायचं?"

मी रोज शेजारी बसत होते. कोण दाबायचं ते मला तिच्याइतकंच माहीत होतं. "तू वाचायचीस," मी म्हणाले. "तू वाचलं न्हाई तर ती काय दाबणार होती?"

"मला येत न्हाई असं न्हाई. मला थोडं उशिरा येतं. पण हे तिचंय."

"दिवाळीनंतर पाहुणे यायलेत. कळतंय का तुला?"

"कळतंय. म्हणून तिचं घेऊ?"

पोरगी माझ्यावरच गेली आहे, एवढंच तेव्हा मनात आलं. त्याचा मला आनंद झाला नाही, राग आला. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना फोन केला, त्यांनी अजून नाव बदललं नव्हतं, आणि टेलरच्या मुलीचं नाव टाकायला सांगितलं. नातीला वेगळा नंबर घेऊन देते म्हणाले. आठ दिवसांत होईल का, असं मॅडमनी विचारलं. झालं तर झालं, असं मी म्हणाले.

संध्याकाळी मुलगा जेवायला बसला तेव्हा विषय काढला.

"सिम? तिच्या नावावर?" त्याने घास खाली ठेवला. "माय, तुला काय झालं? त्या पोरीच्या येळंला सगळ्यात जास्त तूच बोलत होतीस."

"बोलत होते."

"घरात फोन कुणाच्या हातात द्यायचा न्हाई, हे कुणी सुरू केलं?"

"मी."

"मग?"

"मग काय? तवा चुकले. आता आठ दिवस राहिलेत, माझी चूक तू मागून काढत बस."

तो सुनेकडे बघायला लागला, ती आपल्या बाजूने बोलेल म्हणून. सून सहसा बोलत नाही. ती भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आत्याबाई, घरात हा मोबाईल आला तवापासून माझा नंबर म्हणून बी तुमचाच देते. माझ्या माहेरचा फोन आला तर तुमच्या कमरंतून काढावा लागतो." एवढं बोलून ती चुलीकडे गेली. मुलाने पुढे काही विचारलं नाही. इतकी वर्षं ती हे मनात घेऊन होती आणि मला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो फाट्यावरून सिम घेऊन आला, नातीच्या नावाचं. आपला जुना, काच तडकलेला मोबाईल तिला दिला. देताना तिच्याकडे बघितलं नाही.

तिसरीलाही तिचा नंबर घ्यायला सांगावं म्हणून मी तांड्यावर गेले. तिथे पोचायला मला वाटेत तीनदा बसावं लागलं. त्या मुलीच्या घराला कुलूप होतं. शेजारची म्हणाली, टोळी कालच उसाला गेली, मुलगीही गेली. फोन भावाकडे आहे, तो उचलत नाही. मोटरीचं उदाहरण तिचं होतं. आता ते कुठल्या कुठल्या गावात शिकवत असतील. तिचं नाव कुठंच लिहिलेलं नाही.

ते आठ दिवस मी नातीला घरात कशाला हात लावू दिला नाही. कापसाची वेचणी चालू होती, बाया मिळत नव्हत्या. सून शेतात गेली, मी भाकरी केल्या. माझ्याने आता चार भाकरीसुद्धा नीट होत नाहीत. नात आतल्या खोलीत दार लावून, कानात वायरी घालून बसायची. तो माझा नियम कधी गेला ते कळलंही नाही. टेलरची पोरगी मदतीला यायची. नात तिला म्हणायची, "तू बोलू नको. मला माझंच करायचंय."

"अरे मैं चुप बैठी ना!"

"तुझं तोंड गप हाय, डोळे बोलायलेत. तिकडं बघ."

पाचव्या दिवशी गावातली रेंज गेली. धडा उघडायला मोबाईलवर आकडे यावे लागतात, ते येईनात. दुपारपर्यंत वाट बघितली, मग मी तिला म्हणाले, बापाच्या दुकानात जाऊन बस. ती दोन दिवस फाट्यावर जात होती. ट्रकवाले चहा पीत टकमक बघतात म्हणून मुलाने जुने टायर एकावर एक रचून तिला आडोसा केला. हे मला नातीने सांगितलं, तो कधी बोलला नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी यादी बंद झाली तेव्हा तिचे चार धडे राहिले होते. ती रडली नाही. वही मिटून गोठ्यात शेण काढायला गेली. मला वाटलं रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी बोलता आलं असतं.

यादीत टेलरच्या मुलीचं नाव आलं. तिचा बाप आला नाही म्हणून मीच त्याच्याकडे गेले. तो मशीनवर बसला होता.

"दादी, तुमची पोरगी सोबत असती तर पाठवलं असतं. अकेली कैसा भेजू?"

"माझ्या पोरीने आपलं नाव काढून तुझ्या पोरीला दिलं. ते घरात ठेवायला दिलं न्हाई."

"लोक बोलतात दादी."

"लोक म्हंजी मीच की रे. गावात सगळ्यात जास्त मी बोलते. मी बोलणार न्हाई, मग कोण बोलतंय ते मला येऊन सांग."

तो हसला. पाठवतो असं तो तेव्हा म्हणाला नाही, पण दिवाळीनंतर स्वतः तिला परभणीला सोडून आला.

राहिली माझी नात. मुलाला मी शब्द दिला होता, मधे बोलणार नाही म्हणून. त्याने पाहुण्यांना रविवारी बोलावलं. सुनेने पोह्यांची तयारी केली. राहिलेले चार धडे नातीने यादी बंद झाल्यावर पूर्ण केले होते आणि मॅडम म्हणाल्या होत्या की पुढच्या यादीत ते धरले जातील. ती यादी उन्हाळ्यात. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, उन्हाळा कुणी बघितलाय.

शनिवारी सकाळी मी पाहुण्यांना माझ्या मोबाईलवरून फोन केला. मुलगा दुकानात होता. नवऱ्या मुलाच्या बापाने उचलला.

"उद्या येऊ नका," मी म्हणाले.

"कामून? कुणी आजारी हाय का?"

"न्हाई. पोरगी शिकायली."

"बारावी झाली म्हणले होते."

"पुढचं शिकायली. कॉम्प्युटरचं."

तो हसला. "आजी, आमच्या घरी येऊन काय कॉम्प्युटर चालवायचाय तिला?"

"म्हणूनच येऊ नका म्हणते," मी म्हणाले आणि फोन बंद केला.

शब्द मोडला तो मी. तो मोडायचा नव्हता. या वयात माणसाकडे दिलेल्या शब्दाशिवाय फार काही उरत नाही, आणि मुलाला यापुढे माझा भरवसा वाटणार नाही हे मला फोन करतानाच कळत होतं. संध्याकाळी त्याला स्वतःच सांगितलं. तो आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. त्याने हात धुतले, ताट सरकवलं आणि बाहेर जाऊन बसला. नात दारात उभी होती. ती माझ्याजवळ आली नाही, बापाजवळही गेली नाही. बरं केलं तिने.

त्याला आता महिना होऊन गेला. मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलतो. चहा झाला का, गोळी घेतली का, एवढंच. गावात कुणी विचारलं की तो म्हणतो, मायला विचारा. नात दुपारी ओसरीवर बसते. गल्लीतल्या दोन नव्या मुली येतात, प्रत्येकीच्या हातात आपल्या घरचा मोबाईल असतो. मी तिथे बसत नाही, आत पडून राहते. पाठ दुखते. पुढची यादी यायला अजून पाच-सहा महिने आहेत. तोवर रोज संध्याकाळी मुलाचं ते तोंड बघायचं आहे. बघेन.